लिंगोचे गीत आणि मुखपृष्ठावरचे नाव

गोंड राजा बख्त बुलंद शाहाने १७०२ साली वसवलेल्या या नागपुरात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, गोंडांचे एक दीर्घ कथागीत कागदावर उतरले. एक परधान गायक ते सांगत गेला आणि स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने ते रोमन अक्षरांत टिपून घेतले. १८६३ साली टाकळघाट परिसरातून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. त्यांचे कागद मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांनी संपादित करून १८६६ मध्ये छापले.

गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवणारा, त्यांना कुळांची विभागणी आणि विवाहाची रीत घालून देणारा लिंगो हा या गीताचा नायक. टेम्पल यांनी अनुवादाबरोबर मूळ गोंडी शब्दही छापले, हे त्यांचे मोठेच काम. कारण पुढे निघालेल्या कितीतरी लोककथासंग्रहांत मूळ बोल गाळून केवळ गद्य सारांश दिलेला आढळतो. परंतु मुखपृष्ठावर नावे आली ती हिस्लॉप आणि टेम्पल यांची. ज्याच्या कंठात हे गीत होते, त्या परधानाला तेथे जागा नव्हती.

परधान हा गोंडांचा परंपरेने चालत आलेला गायक. यजमानाच्या दारी किंगरी या तंतुवाद्याच्या साथीने तो देवांची आणि पूर्वजांची गाणी गातो, समोरच्या घराचे कूळ त्यात गुंफतो, प्रसंग पाहून कथा वाढवतो किंवा आवरती घेतो. छापील पानावर यांपैकी एकाच दिवसाचे गाणे येते, आणि वाचक त्यालाच अंतिम पाठ मानू लागतो.

१९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे जपतो. सादरकर्त्यालाही त्यात स्वतंत्र हक्क आहे. मात्र ज्या समाजाने ही गीते पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवली, त्याला या मांडणीत स्थान नाही. म्हणून संग्राहकाची जबाबदारी कायद्यापाशी संपत नाही.

नागपूरचेच डॉ. मोतीराम कंगाली यांनी गोंडी भाषा आणि पुनेम म्हणजे गोंडांचा धर्म यांवर आयुष्यभर लिहिले. समाजातल्याच अभ्यासकाने लेखणी हाती घेतली की काय निवडायचे हे बाहेरचा माणूस ठरवत नाही. आता मसराम आणि गुंजाळा या दोन्ही गोंडी लिप्या युनिकोडमध्ये आल्याने मूळ पाठ त्या लिप्यांत आणि शेजारी देवनागरीत देता येईल. त्याखाली गायकाचे नाव, गाव आणि गाण्याचा प्रसंग नोंदवावा, मसुदा त्याला वाचून दाखवावा आणि मानधनात त्याचा वाटा ठेवावा. एखादे गीत विधीपुरतेच आहे, ते छापू नये, असे त्याने सांगितले तर ते संग्रहातून वगळावे.