दोन टन हस्तिदंत आणि एक सुटलेली केस

(मोंबासा बंदर, पहाट. कंटेनर उतरवणाऱ्या क्रेन.)

जून २०१४. केनियातलं मोंबासा. ट्युडर नावाच्या भागात गाड्या विकायचं एक यार्ड होतं, तिथं पोलिसांनी धाड टाकली आणि आत हस्तिदंताचा ढीगच सापडला. २२८ अख्खे सुळे आणि ८६ तुकडे, वजन दोन टनांच्या वर. एका हत्तीचे दोन सुळे धरले तर नुसत्या अख्ख्या सुळ्यांचेच शंभरावर हत्ती होतात.

ज्या व्यापाऱ्यावर मुख्य संशय होता तो देशाबाहेर निसटला, इंटरपोलनं नोटीस काढली, डिसेंबरमध्ये टांझानियात सापडला. जुलै २०१६ मध्ये मोंबासाच्या कोर्टानं त्याला २० वर्षं कैद आणि दोन कोटी शिलिंग दंड सुनावला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केनियानं नैरोबीच्या नॅशनल पार्कात १०५ टन हस्तिदंत जाळला होता, ते पेटलेले ढीग सगळ्या जगानं बघितले होते, त्यामुळे या शिक्षेचीही बातमी लांबपर्यंत गेली, लोकांना वाटलं चला, एकदाचा कुणीतरी मोठा माणूस आत गेला.

ऑगस्ट २०१८ मध्ये हायकोर्टानं अपिलात ती शिक्षा रद्द केली.

हस्तिदंत खरा होता, हत्ती खरेच मेले होते, पण त्या ढिगापासून या माणसापर्यंत पुरावा पोचत नाही असं हायकोर्टाला दिसलं. आणि मला इथं स्पष्ट सांगायचंय, यात हायकोर्टाला दोष देऊ नका. पुरावा पुरा नसेल तर माणूस सोडायचाच असतो, तो हत्तीचा खटला असो नाहीतर खुनाचा. प्रश्न आहे तो त्याच्या आधीच्या चार वर्षांचा. मुद्देमाल कुणी मोजला, सील कुणी लावलं, तो कुणाच्या ताब्यातून कुणाच्या ताब्यात गेला, साक्षीदाराला काय काय विचारायचं हे सरकारी वकिलानं आधी बसून ठरवलं होतं का. केस इथंच उभी राहते नाहीतर इथंच पडते.

(नैरोबी. कोर्टाचा व्हरांडा, फाइलींचे गठ्ठे.)

केनियात हे दुखणं जुनंच. वाइल्डलाइफ डायरेक्ट या संस्थेच्या लोकांनी २००८ ते २०१३ मधल्या केसेस तपासल्या, १८ कोर्टांत जाऊन रेकॉर्ड बघितलं. कित्येक फाइली सापडल्याच नाहीत. आणि दोषी ठरलेल्यांपैकी तुरुंगात गेले ते शंभरातले जेमतेम चार, बाकीचे दंड भरून घरी. मग २०१३ चा नवा कायदा आला, शिक्षा एकदम कडक केली, पार जन्मठेपेपर्यंत. पण कायदा कडक झाला म्हणून पंचनामा आपोआप नीट होत नाही ना! उलट शिक्षा जेवढी मोठी तेवढा आरोपीचा वकील तगडा, आणि समोर जो उभा राहणार तो कच्चा असेल तर काय होणार. म्हणून सरकारी वकिलांच्या खात्यात वन्यजीव गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग झाला, कुठल्या गुन्ह्यात कोर्टात नेमकं काय काय सिद्ध करावं लागतं याचं एक छोटं पुस्तक तयार झालं, नैरोबीत डीएनए तपासायची लॅब आली. दिसायला साधी कामं आहेत. माझ्या मते नव्या कायद्याइतकंच मोल याचं आहे.

२००२ मध्ये जोहान्सबर्गला जगभरातले वरिष्ठ न्यायमूर्ती जमले होते, त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की पर्यावरण कायद्याची अंमलबजावणी नीट होत नाही त्याचं एक मुख्य कारण म्हणजे ज्ञान, कौशल्य आणि माहिती कमी पडते. न्यायाधीशांनी हे असं मान्य करायला मोठं मन लागतं, नाही का?

(मनिला बे. किनाऱ्याला अडकलेलं प्लास्टिक.)

फिलिपिन्सनं हे फार मनावर घेतलं. २००८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ११७ कोर्टं पर्यावरणाच्या केसेससाठी नेमून दिली, त्याच वर्षी मनिला बे, म्हणजे राजधानीलगतचा उपसागर, साफ करा असा सरकारी खात्यांना हुकूम दिला आणि दर तीन महिन्यांनी रिपोर्ट मागितला. हुकूम देऊन मोकळं न होता पाठपुरावा करत राहायचं, ही पद्धत त्यांनी आपल्या सुप्रीम कोर्टाकडून घेतली, गंगेच्या प्रदूषणाच्या केसचा दाखला त्या निकालात आहे. २०१० मध्ये तर पर्यावरणाच्या केसेससाठी अख्खी वेगळी नियमावलीच आली. त्यातला मला आवडलेला भाग म्हणजे जप्त मालाचा. पकडलेलं लाकूड कोर्टाच्या आवारात वर्षानुवर्षं कुजत पडणार, मग पुरावा कसला राहणार? तर तिथं फोटो काढा, यादी करा, पाच दिवसांत कोर्टाला किंवा सरकारी वकिलाला कळवा, आणि कोर्टानं परवानगी दिली की माल लिलावात विका, पैसे निकाल लागेपर्यंत वेगळ्या खात्यात. ज्यानं हे लिहिलं त्यानं कुजलेलं लाकूड नक्की बघितलं असणार.

जज आणि वकिलांना हे ज्ञान प्रशिक्षणातून देताना एक काळजी मात्र घ्यायला हवी. दोघांना सगळं एकाच वर्गात बसवून शिकवू नये. जजला विज्ञान समजावं, नुकसान कसं मोजतात, शिक्षा कशी ठरवावी हे कळावं, पण त्यानं कुणाची बाजू घेऊन बाहेर पडू नये.

(विदर्भातलं एक तालुक्याचं गाव, कोर्टाबाहेर जीप उभी.)

आणि आपल्याकडे? पुण्यात ग्रीन ट्रिब्युनलचं, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं, बेंच आहे, पण वन्यजीव संरक्षण कायदा ट्रिब्युनलच्या कक्षेत येतच नाही. वाघाच्या कातडीची केस चालते ती तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे, घरफोडी, चेक बाउन्स आणि पोटगीच्या गर्दीत. वनरक्षक पहाटेच निघून आलेला असतो, हातात तीन वर्षांपूर्वीचा पंचनामा, आणि उलटतपासणीत त्याला प्रश्न येतो, "कातडीला सील लावलं तेव्हा तिथं कोण कोण हजर होतं?"