वाकल्यावर कंबरेत नेमकं काय होतं?

नमस्कार मंडळी. आधी एक करून बघा. कंबरेला करदोडा बसतो ना, तिथं मणक्याच्या दोन उंचवट्यांवर एकाखाली एक बोटं ठेवा. आता वाका पुढं. बोटं फाकली? आम्ही हेच टेपनं मोजतो. ताठ उभ्या माणसाच्या कंबरेवर १० सेंटीमीटरवर दोन खुणा केल्या, तर वाकल्यावर तेच अंतर १५ च्या आसपास भरतं. मणके मागच्या बाजूनं उघडतात, पुढच्या बाजूनं दोन मणक्यांमधली गादी दाबली जाते.

कंबरेचे मणके ५. पाचही मिळून पुढं वाकतात ५०-६० अंश, बस्स. बोटं पायाच्या अंगठ्याला टेकतात ती करामत खुब्याची. खुबा आखडलेला असला की त्याचा वाटाही कंबरेवर येतो, आणि कंबरेतही जास्त भार सगळ्यात खालच्या दोन सांध्यांवर.

आता ऊसतोडीचं घ्या. बीडकडचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पहाटेच फडात उतरते. ऊस बुडातून तोडायचा म्हणजे पार खाली वाकायचं. आणि पार खाली गेलं की पाठीचे मोठे स्नायू चक्क गप्प बसतात! सगळा ताण मागच्या अस्थिबंधांवर, म्हणजे मणके बांधून ठेवणाऱ्या दोरांवर, आणि गादीवर. दोर बराच वेळ ताणला की सैल पडतो, उभं राहिल्याबरोबर पूर्ववत होत नाही. नेमकी त्याच वेळी मोळी डोक्यावर घ्यायची असते. त्यात पहाट. रात्रभर आडवं पडून गाद्या पाणी पिऊन फुगलेल्या, तेव्हाचं वाकणं त्यांना जास्तच जड जातं.

म्हणून मोळीला हात घालायच्या आधी दोन मिनिटं सरळ उभं राहायचं. हात कंबरेवर, हळूच मागं रेलायचं, चार-पाच वेळा. मुकादम ओरडला तर ओरडू द्या.

मागं मात्र कंबर २०-२५ अंशच जाते. मागचे छोटे सांधे एकमेकांवर टेकतात, नसांची वाटही जरा अरुंद होते. पारावरचे एखादे आजोबा आठवा. थोडं चाललं की पाय भरून येतात, बसलं की बरं वाटतं, सायकल मात्र दोन गावं मारतात. सायकलवर कंबर पुढं झुकते, वाट मोकळी होते. अशा आजोबांना मागं रेलायला लावू नका, आधी तपासून घ्या.

आणि पायाचा पंजा उचलत नसेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर व्यायाम-बियाम राहू द्या. त्याच दिवशी दवाखाना गाठा.