शंकरपाळं उभ्या रेघेच्या कोणत्या बाजूला?

मंडळी, पडद्यावर जे गोल चिन्ह दिसतंय ते कॉक्रेन या संस्थेचं. 1993 साली सुरू झालेली ही संस्था वैद्यकातले विखुरलेले प्रयोग गोळा करते आणि त्यांचा एकत्र हिशोब मांडते. त्या हिशोबाला मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात. चिन्हात एक उभी रेघ आहे, सात आडव्या रेघा आहेत आणि खाली, उभ्या रेघेच्या डावीकडे, एक बारकं शंकरपाळं. पाहणाऱ्याला नक्षी वाटते, पण ती खरीखुरी आकडेवारी आहे.

त्या आकडेवारीची गोष्ट न्यूझीलंडमधली. ऑकलंडला लिगिन्स नावाचे संशोधक मेंढ्यांवर काम करत होते. गर्भातल्या कोकराला स्टेरॉइड दिलं, ते फार लवकर जन्मलं, आणि तरीही श्वास घेत राहिलं. एवढ्या कच्च्या फुप्फुसांना ते जमायला नको होतं. मग बालरोगतज्ज्ञ हॉवी यांच्यासोबत त्यांनी हाच उपाय गरोदर बायकांवर तपासला आणि 1972 मध्ये निष्कर्ष छापले. अवेळी कळा सुरू झालेल्या बायकांपैकी ज्यांना औषध मिळालं नव्हतं, त्यांची 15 टक्के बाळं पहिल्याच आठवड्यात दगावली. औषध मिळालेल्यांची 3.2 टक्के.

आता परिणाम केवढा झाला? भागाकार केला तर धोका साधारण पाचवा हिस्सा उरला. वजाबाकी केली तर शंभरात बारा बाळं वाचली. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. बातमीत बहुधा भागाकार येतो, कारण तो भारदस्त दिसतो. पण धोका मुळात हजारात दोन असेल आणि तो निम्मा झाला, तर हजारात एकच माणूस वाचतो. म्हणून मी आधी वजाबाकी मागतो.

चित्रात मात्र भागाकार असतो. उभी रेघ म्हणजे 1, दोन्ही गट सारखे. इथे मृत्यू मोजलेत म्हणून डावीकडे फायदा. स्तनपान मोजलं असतं तर डावीकडे तोटा आला असता. तेव्हा खालची पट्टी वाचल्याशिवाय आनंद मानू नका. त्या पट्टीवर 0.5 आणि 2 हे 1 पासून सारख्याच अंतरावर असतात, कारण निम्मं होणं आणि दुप्पट होणं हे एकाच मापाचे बदल आहेत.

आडव्या रेघांपाशी मात्र थांबू या. एक रेघ म्हणजे एक प्रयोग. रेघ जितकी लांब तितकी अनिश्चितता जास्त, आणि प्रयोग लहान असला की रेघ लांबते. या सातांपैकी बहुतेक रेघा उभ्या रेघेला ओलांडून जातात. पूर्वी लोक इथे चक्क मतमोजणी करायचे: इतक्या प्रयोगांत फरक सिद्ध झाला, इतक्यांत नाही, म्हणजे औषध निकामी. पण रेघ ओलांडली याचा अर्थ ‘परिणाम नाही’ असा नाहीच. ‘एवढ्याशा माणसांवरून मला सांगता येत नाही’ एवढंच तो प्रयोग म्हणतोय. सगळ्या प्रयोगांना वजनाप्रमाणे, म्हणजे ज्याची रेघ आखूड त्याला जास्त महत्त्व देऊन, एकत्र केलं की खालचं शंकरपाळं मिळतं. त्याची रुंदी हीच एकत्रित अनिश्चितता. इथे ते चिंचोळं आहे आणि उभ्या रेघेपासून सुटं उभं आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मृत्यूची शक्यता 30 ते 50 टक्क्यांनी घटते, असं ते सांगतं. पहिला प्रयोग 1972 चा, आणि अशी पद्धतशीर बेरीज छापून यायला 1989 उजाडलं. मधली सतरा वर्षं अनेक प्रसूतितज्ज्ञ हे औषध देतच नव्हते. मला या चिन्हाकडे बघताना नेहमी तीच वर्षं दिसतात.

मग संपलं का? नाही. 2015 मध्ये सहा देशांतल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. सुमारे 1 लाख बायका त्यात होत्या आणि आपलं नागपूर त्यातलं एक केंद्र होतं. हेच औषध गावपातळीपर्यंत पोचवायचा तो प्रयत्न. नवजात बाळांचे मृत्यू मात्र हजारी 23.9 वरून 27.4 झाले! गुणोत्तर 1.12, अनिश्चितता 1.02 ते 1.22. म्हणजे आपल्या चित्रात ही आखूड रेघ उभ्या रेघेच्या उजवीकडे, तिला न शिवता. गावात किती आठवडे भरलेत हे नेमकं कळत नव्हतं, त्यामुळे इंजेक्शन घेतलेल्या बऱ्याच जणींची बाळं लहान निघालीच नाहीत. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त आढळली.

समजा, ही रेघ त्या सातांत मिसळून एकच शंकरपाळं काढलं. गणित बिनचूक येईल. पण ते ऑकलंडच्या रुग्णालयाचंही नसेल आणि विदर्भातल्या खेड्याचंही नसेल. रेघा अशा दोन दिशांना पांगल्या की शंकरपाळ्याकडे पाठ करायची आणि कुठे, कुणाला, काय दिलं ते वाचायचं.

पुढे 2020 मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत पुन्हा तपासणी झाली. या वेळी सोनोग्राफीने आठवडे मोजले आणि 34 आठवड्यांच्या आतल्याच बायका घेतल्या. मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 वर आले. भागाकार केला तर 0.84, पाहणाऱ्याला किरकोळ वाटेल. वजाबाकी करा: शंभरात जवळपास चार बाळं.