नऊ दिवसांची गैरहजेरी

पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘ऑनलाइन समूह आणि मैत्री’ असा छापलाय. भारदस्त आहे. मी संयोजकांना म्हटलं होतं, नुसतं ‘आले’ असं छापा. त्यांना तो मुद्रणदोष वाटला.

‘आले’ हा एका बाईंचा रोजचा प्रतिसाद. मी अकरा वर्षं एका समूहाचा अॅडमिन होतो. अॅडमिन म्हणजे ज्याला सगळे शिव्या देतात आणि तरी रात्री दोनला सर्व्हर बंद पडला की ज्यालाच उठवतात तो माणूस. आमच्याकडे एक वाहता धागा होता, म्हणजे एकाखाली एक प्रतिसाद पडत राहतात असं पान. त्याला विषय नव्हता. तो कुणी काढला हे कुणाला आठवत नव्हतं आणि तो बंद करायची कुणाची इच्छाही नव्हती. रोज सकाळी सव्वासहाच्या सुमाराला या बाई तिथे यायच्या. त्यांचा आयडी एका पक्ष्याच्या नावाचा होता. तो मी सांगणार नाही, आपण त्यांना पक्षीबाई म्हणू. त्या लिहायच्या, ‘आले.’ पूर्णविरामासकट. मग कुणीतरी लिहायचं, ‘या.’ दुसरं कुणी, ‘बसा, जागा धरून ठेवलीय.’ त्या वेळी जगाच्या दुसऱ्या टोकाला असलेले आमचे दोघंतिघं झोपायच्या तयारीत असायचे. ते ‘निघतो’ म्हणायचे. एवढं झालं की आमचा दिवस सुरू.

एका सोमवारी ‘आले’ आलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी एकानं विचारलं, पक्षीबाई कुठायत? तेव्हा उघड झालं की आम्ही सगळेच सोमवारपासून मनातल्या मनात तेच विचारत होतो.

आता गंमत बघा. आम्हाला त्यांच्याबद्दल काय काय माहीत होतं? पावसाच्या आदल्या दिवशी त्यांचा डावा गुडघा दुखतो. त्या कुत्र्यांना घाबरतात. कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचतात आणि त्याची त्यांना जराही लाज नाही. वाद तापला की त्यांची वाक्यं आखूड होत जातात आणि खरंच राग आला असेल तर एका पूर्णविरामाच्या जागी दोन येतात. एवढं तर मला माझ्या चुलतभावाबद्दलही माहीत नाही. पण त्यांचं नाव? माहीत नाही. गाव? नाही. घरी कोण असतं? एकदा ‘आमच्याकडचे’ असा शब्द येऊन गेला होता, त्यावरून काय समजायचं ते समजा. अॅडमिन म्हणून माझ्यापाशी फक्त नोंदणीच्या वेळचा ईमेल पत्ता होता. त्यावर मी लिहिलं. उत्तर नाही.

एरवी ओळख होते ती चेहऱ्यापासून. मग नाव, मग कामधंदा, मग घरदार, आणि हे सगळं पार पडल्यावर, जमलंच तर, मन. इथे मजकूर आधी येतो. माणूस काय विचार करतो, कशावर हसतो, कुठे दुखावतो हे पहिल्या महिन्यात कळतं आणि चेहरा दहा वर्षांनी, गटग, म्हणजे समूहाची प्रत्यक्ष भेट, झालं तर. गटगला गेलेल्यांना हा अनुभव असेल. समोर एक अनोळखी टक्कल उभं असतं आणि ते बोलायला लागलं की आपण डोळे मिटून घेतो, कारण डोळे मिटल्यावर तो आपला जुना मित्र असतो.

हे माध्यम मुळातच गैरहजर माणसांचं आहे. १९७८च्या जानेवारीत शिकागोत जबरदस्त हिमवादळ झालं. वॉर्ड ख्रिस्टन्सन आणि रँडी सूस हे दोन संगणकवेडे घरात अडकले आणि त्यांनी एक सूचनाफलक बांधायला घेतला, टेलिफोनवरून वाचता आणि लिहिता येईल असा. १६ फेब्रुवारीला तो जाहीरपणे सुरू झाला. त्याला टेलिफोनची लाइन एकच होती. म्हणजे एका वेळी एकच माणूस आत. तुम्ही गेलात, इतरांनी लिहून ठेवलेलं वाचलंत, आपलं लिहिलंत आणि फोन ठेवलात, की मग दुसऱ्याची पाळी. दोघांची तिथे गाठ पडणं अशक्यच होतं. तरीही लोक रोज जायचे. कोण येऊन गेलं ते बघायला, आणि त्यातच ओघानं, कोण आलं नाही ते बघायला.

चेहरा नाही म्हटल्यावर घोटाळेही आलेच. १९८२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात काही मंडळी संगणकावरच्या फलकावर एक कोडं खेळत होती. कोसळत्या लिफ्टमध्ये पाऱ्याचा थेंब आणि पेटती मेणबत्ती असेल तर काय होईल, असलं काहीतरी. त्यात कुणीतरी गमतीनं लिहिलं की प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडलाय, सांभाळा. काहींना ते खरं वाटलं. मग थट्टा आहे हे कळावं म्हणून खूण ठेवावी अशी चर्चा सुरू झाली. १९ सप्टेंबरला सकाळी ११ वाजून ४४ मिनिटांनी स्कॉट फालमन यांनी सुचवलं की गंमत असेल तिथे दोन टिंबं, एक आडवी रेघ आणि एक कंस काढा, आणि मान कलती करून वाचा. झाली स्मायली! हा मूळ निरोप पुढे हरवला होता. २००२ मध्ये जुन्या बॅकअप टेप उकरून तो शोधून काढावा लागला. आपल्याकडे लोक कंसात ‘ह.घ्या.’ लिहितात, म्हणजे हलके घ्या, त्याचा हा पूर्वज. माझा अॅडमिनगिरीचा अनुभव असा की ‘ह.घ्या.’ ज्या वाक्यापुढे असतं ते वाक्य लिहिणाऱ्यानं बहुधा हलकं घेतलेलं नसतं.

पण खुणा या जुजबी कामापुरत्या. रोजच्या सहवासात माणसं एकमेकांची अक्षरं वाचायला शिकतात. आमच्यात एक गृहस्थ टायपिंगच्या ढीगभर चुका करायचे. एक दिवस त्यांचा प्रतिसाद आला तो निर्दोष. एकही चूक नाही. त्यांना लगेच तीन व्यनि, म्हणजे खासगी निरोप, गेले, ‘काय झालं?’ त्यांची नोकरी गेली होती. इतकं सावकाश, एकेक अक्षर बघून, त्यांनी कधीच लिहिलं नव्हतं. हे कुठल्याही यंत्राला पकडता आलं असतं असं मला वाटत नाही, कारण यंत्राच्या लेखी चूक नसणं ही चांगली गोष्ट.

जेफ्री हॉल नावाचे कॅन्सस विद्यापीठातले संशोधक आहेत. नव्या गावी राहायला गेलेल्या लोकांचा आणि विद्यापीठात नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून त्यांनी २०१८ मध्ये असा हिशेब मांडला की नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात, मैत्रीला ९०, आणि घट्ट मैत्रीला २००च्या वर. हा अभ्यास समोरासमोर भेटणाऱ्यांचा. तरी मी गंमत म्हणून आमचा हिशेब केला. रोज दहा मिनिटं धरली तर २०० तास भरायला १२०० दिवस, म्हणजे सव्वातीन वर्षं. आणि खरोखर, आमच्याकडे साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी माणसं एकमेकांना ‘अहो’चं ‘अरे’ करायला लागायची. याला शास्त्र म्हणू नका, पण माझ्या पाहण्यात हे आलंय. आणि ती दहा मिनिटं कशाची, तर फालतू गोष्टींची. चष्मा सापडत नाही. शेजारचं पोर ड्रम वाजवायला शिकतंय. आज अमुक शब्द आठवत नाहीये, ‘च’ने सुरू होतो. आपल्याला वाटतं, मैत्री मोठ्या प्रसंगांत होते. प्रसंगांत ती वापरली जाते. साठते ती चष्म्याच्या शोधात.

मघापासून मी लिहिणाऱ्यांबद्दलच बोलतोय, आणि त्यांची संख्या थोडी असते. जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ प्रमाण सांगितलं होतं. शंभरात नव्वद नुसते वाचणारे, नऊ अधूनमधून लिहिणारे, आणि बहुतेक सगळा मजकूर उरलेल्या एकाचा. आपण त्या नव्वदांना वाचनमात्र म्हणतो. पक्षीबाई गायब झाल्याच्या सहाव्या दिवशी एका अनोळखी आयडीचा प्रतिसाद आला. सहा वर्षांपूर्वीची नोंदणी, आजवरचे एकूण प्रतिसाद शून्य. लिहिलं होतं, ‘मी कधी लिहीत नाही. पण रोज सकाळी त्यांचं ‘आले’ वाचून मी कामाला लागते. त्यांचं काही कळलं का?’ मी हादरलो. सहा वर्षं ही बाई आमच्यात बसली होती आणि आमच्यातल्या एकालाही तिचा पत्ता नव्हता. ती गेली असती तर आम्हाला कळलंसुद्धा नसतं.

भांडणांबद्दल फार बोलत नाही, तुम्हा सगळ्यांना ती माहीत आहेत. कंपू होतात, काड्या टाकल्या जातात, डूआयडी, म्हणजे एकाच माणसाची दुसरी खोटी नावं, येतात, कुणीतरी कायमचा निरोप घेतो आणि गुरुवारपर्यंत परत येतो. भांडण हे माणसं टिकून असल्याचं लक्षण आहे. मला भीती वाटते ती फसवणुकीची, आणि त्यावर थोडं थांबायला हवं.

२००१च्या मे महिन्यात अमेरिकेत एका तरुण मुलीचा मृत्यू जाहीर झाला. ती रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत होती, आपलं आजारपण आंतरजालावर लिहीत होती, आणि अनेकांचा तिच्यावर जीव जडला होता. लोक धाय मोकलून रडले. मग काहींना शंका आली. मृत्यूची नोंद मिळेना. वाचकांनीच शोध घेतला, आणि निघालं काय, तर अशी मुलगी कधी नव्हतीच. एका मध्यमवयीन बाईंनी ती रचली होती. असे प्रकार विरळा नव्हते. मार्क फेल्डमन या मनोविकारतज्ज्ञांनी आंतरजालावरच्या खोट्या आजारपणांना आदल्याच वर्षी, २००० साली, स्वतंत्र नाव दिलेलं होतं.

याच्या उलट दुसरी हकिगत. नॉर्वेत मॅट्स स्टीन नावाचा मुलगा होता. त्याला स्नायू क्षीण होत जाण्याचा आजार होता. तो चाकांच्या खुर्चीत असायचा आणि दिवसाचे कित्येक तास संगणकावर एक खेळ खेळायचा. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. आईवडलांना हळहळ वाटायची, आपल्या मुलाला मित्र मिळाले नाहीत, प्रेम मिळालं नाही. त्यानं पासवर्ड ठेवला होता म्हणून त्यांनी त्याच्या पानावर निधनाची बातमी लिहिली. आणि देशोदेशींहून ईमेल यायला लागले. खेळातल्या साथीदारांचे. त्यानं रात्री-अपरात्री ऐकून घेतलं होतं, सल्ले दिले होते, माणसं जोडून दिली होती. त्यातले काही परदेशातून प्रवास करून अंत्यविधीला आले.

एका ठिकाणी माणूस खोटा, दुःख खरं. दुसरीकडे माणूस शेजारच्या खोलीत, आणि घरच्यांना त्याच्या मैत्रीचा पत्ता नाही. मला लोक विचारतात, ऑनलाइन मैत्री खरी असते का? मी या दोन हकिगती सांगतो आणि म्हणतो, प्रश्न चुकतोय. २००१ साली जे रडले त्यांची मैत्री खरीच होती, फक्त समोर कुणी नव्हतं. खरं-खोटं ओळखायची माझ्याकडे एकच ओबडधोबड कसोटी आहे. रचलेला माणूस सतत घटना पुरवतो. आजार, शस्त्रक्रिया, संकट, चमत्कार. त्याला ‘आले’ लिहून भागत नाही. अकरा वर्षं नुसतं ‘आले’ लिहिण्याइतका धीर कुठल्याही भामट्याकडे नसतो. (हशा)

तर, पक्षीबाई. दहाव्या दिवशी, बुधवारी, सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी धाग्यावर आलं, ‘आले.’ आणि खाली आणखी एक ओळ, ‘मोतीबिंदू काढला. तुमची अक्षरं केवढी काळी दिसतायत!’

तासाभरात सत्तर प्रतिसाद पडले. निम्मे आनंदाचे आणि निम्मे सरळ ओरडा देणारे. सांगून जाता येत नाही? त्यावर त्यांनी जे लिहिलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. ‘कुणाला सांगायचं असतं, ते मला माहीत नव्हतं.’ एकच पूर्णविराम होता.

त्यानंतर आम्ही जोड्या लावल्या. प्रत्येकानं आपला फोन नंबर आणि खरं नाव समूहातल्या कुठल्याही एकाला द्यायचं. बाकी कुणाला नाही, अॅडमिनलाही नाही. सक्ती नव्हती. काहींनी नकार दिला आणि तो त्यांचा हक्क होता. टोपणनावामागे राहायला काही जणांकडे फार चांगली कारणं असतात. वाचनमात्र बाईंनी नंबर दिला, कुणाला ते मला ठाऊक नाही. पक्षीबाईंनी माझी निवड केली. कारण विचारलं तर म्हणाल्या, ‘तुम्ही रात्री दोनलाही उठता.’

त्यांचं नाव आता मला माहीत आहे. फोनमध्ये मात्र तो नंबर पक्ष्याच्याच नावानं आहे. मी तो कधी लावलेला नाही, आणि त्यांनीही मला कधी फोन केलेला नाही. गेल्या महिन्यात फोन बदलला. फोटो, पत्ते, सगळं नव्या फोनवर यायला बराच वेळ लागला. मी आधी ‘प’पर्यंत गेलो, मग लक्षात आलं, पक्ष्याचं नाव ‘प’नं सुरू होत नाही, ‘पक्षीबाई’ हे तर मी फक्त तुमच्यासारख्यांना सांगताना म्हणतो. मग योग्य अक्षरापाशी गेलो. होता तिथे.