स्पार्क प्लग घरीच बदला, पण जुने फेकू नका

नमस्कार मंडळी! तर आज आपण सोसायटीच्या पार्किंगमधेच आहोत, मागे बॉनेट उघडं दिसतंय आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका दोनदा येऊन विचारून गेलेत की काय रे, मेकॅनिक मिळाला नाही का. मिळतो हो काका, पुण्यात मेकॅनिकला काय तोटा! पण आज आपण कारचे स्पार्क प्लग स्वतः बदलणार आहोत, आणि पैसे वाचतात म्हणून नाही हां, तेही वाचतात थोडे, पण खरा फायदा असा की जुना प्लग आपल्या हातात येतो. गॅरेजमधे तो तिथल्याच डब्यात जातो आणि आपल्याला मिळतं फक्त बिल. इंजिनाच्या आत काय चाललंय हे सांगणारी वस्तू आपण न बघताच सोडून येतो.

डिझेलवाले, तुम्ही चहा घ्या. तुमच्या इंजिनात डिझेल दाबाने आणि उष्णतेने पेटतं, स्पार्क प्लग नसतोच, ग्लो प्लग असतो आणि तो वेगळा विषय आहे. आजचा व्हिडिओ पेट्रोल आणि सीएनजीवाल्यांचा.

प्लग करतो काय ते पटकन सांगतो. बॅटरीचे १२ व्होल्ट, कॉइल त्याचे हजारो व्होल्ट करते, वीस-तीस हजारांपर्यंत सुद्धा जातात, आणि प्लगच्या टोकाशी साधारण एक एमएमची फट असते तिच्यातून ठिणगी उडते. ३००० आरपीएमला प्रत्येक प्लग सेकंदाला २५ वेळा ठिणगी टाकतो. आता इतकं झिजल्यावर टोक गोल होणार, फट वाढणार, फट वाढली की कॉइलला जास्त व्होल्टेज काढावं लागणार, म्हणजे स्वस्तातल्या प्लगचा आळस केला की महागातली कॉइल गचकते. हे लक्षात ठेवा.

लक्षणं काय? सिग्नलला गाडी थरथरते, सकाळी स्टार्टर जास्त वेळ फिरवावा लागतो, अ‍ॅव्हरेज पडतं, कात्रजच्या चढाला पाय दाबला की गाडी मिसिंग करते. आणि सीएनजीवाल्यांसाठी हमखास खूण, पेट्रोलवर गाडी मस्त आणि गॅसवर टाकली की धक्के. कारण सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर कसाबसा खपून जातो आणि गॅसवर उघडा पडतो. लोक लगेच किट खराब, सिलिंडर खराब करत फिरतात, अरे आधी प्लग बघा! आणि चेक इंजिनचा दिवा जर नुसता लागलेला नाही तर लुकलुकतोय, तर गाडी रेटू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि तिथला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून कामातून जातो, त्याची किंमत ऐकली तर खाली बसाल.

कधी बदलायचे? गाडीच्या मॅन्युअलमधे लिहिलेलं असतं, तेच खरं. ढोबळ सांगायचं तर साधे निकेलवाले तीस-चाळीस हजार किलोमीटर, इरिडियमवाले लाखाच्या आसपास, सीएनजीवर त्याच्या आधी.

आता खरेदी. नाना पेठेत जा, किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर, पण पक्कं बिल घ्या, कारण प्लगमधे डुप्लिकेट माल खूप फिरतो. आणि "दादा, अमक्या गाडीचा प्लग द्या" एवढ्यावर थांबू नका, नंबर मॅन्युअलमधून लिहून न्या. उदाहरणार्थ हा बघा, एनजीकेचा, बी के आर ६ ई ११. शेवटचे ११ म्हणजे फट १.१ एमएम. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, तो नसेल तर रेडिओत खरखर आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, त्रास. आणि तो ६ आहे ना, तो हीट रेंज, म्हणजे प्लग आपली उष्णता किती पटकन बाहेर सोडतो ते; पटकन सोडणारा थंड, हळू सोडणारा गरम. गंमत बघा, एनजीकेमधे आकडा वाढला की प्लग थंड, आणि बॉशमधे बरोब्बर उलटं, आकडा वाढला की गरम! त्यामुळे एका कंपनीचा आकडा बघून दुसऱ्या कंपनीचा प्लग उचलायचा नाही, क्रॉस रेफरन्सचा तक्ता असतो तो बघायचा. आणि इरिडियम टाकला की पिकअप वाढतो वगैरे जे सांगतात ना, साध्या गाडीत तसलं काही फार जाणवत नाही, आयुष्य वाढतं एवढं खरं. कंपनीने जो दिलाय तोच टाका.

हत्यारं. रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, आणि प्लगचा सॉकेट, आतून रबर किंवा मॅग्नेट असलेला. बऱ्याच गाड्यांना १६ एमएम लागतो, काही नव्यांना १४, जुन्या गाड्यांना २१ चा. रविवार पेठेत बोहरी आळीत सगळं मिळून जाईल. कॉइलच्या बोल्टला बहुतेक १० चा पाना. शिवाय फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, टॉर्च, आणि हातभर रबरी पाइप, तो कशाला ते सांगतो पुढे. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, असेल तर सोन्याहून पिवळं.

चला, सुरू. इंजिन पूर्ण थंड पाहिजे. म्हणजे आत्ता ऑफिसमधून आलात आणि लगेच बसलात असं नाही, रात्रभर उभी राहू दे. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग जिथे प्लग बसतो, ते अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे ओरबाडले जातात. इग्निशन बंद, चावी खिशात. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढा, काही गाड्यांना एअर फिल्टरचा डबाही काढावा लागतो. इंजिनात हवा नेणारा इनटेक मॅनिफोल्डच वरून आलेला असेल तर मात्र हा उद्योग घरी नको, सरळ गॅरेजला जा, मला काही वाटणार नाही.

कॉइलचं सॉकेट असं लॉक दाबून काढायचं, ओढायचं नाही, जुनं प्लास्टिक उन्हाने कडक झालेलं असतं, कुरकुरीत, टक्कन तुटतं. कॉइल थोडी डावी-उजवी पिळून वर. जुन्या वायरवाल्या गाड्या असतील तर वायर धरून नाही, खालचं रबर धरून ओढा, आणि एका वेळी एकच, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. कॉइलवाल्यातही मी एकेकच करतो, बाकीची भोकं झाकलेली राहतात.

चिन्या, कॅमेरा जरा जवळ आण रे. आत टॉर्च मार. दिसतंय? तळाशी प्लगभोवती माती साचलीये, पुण्यात जिथे तिथे रस्ते खणलेले, धूळ काय कमी आहे का. ही साफ केल्याशिवाय प्लग सैल करायचा नाही, नाहीतर प्लग वर आणि माती थेट सिलिंडरमधे. हवा मारा, कॉम्प्रेसर नसेल तर टायरमधे हवा भरायचा पंप चालतो, डोळ्यांवर चष्मा ठेवा. आणि पाणी दिसलं तर समजा वॉशिंग सेंटरला कोणीतरी बॉनेट उघडून प्रेशरने इंजिन धुतलंय. त्यांना आधीच सांगायचं, इंजिनवर पाणी नको. तेल दिसलं तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा आतले सील गेलेत, ते प्लगच्या आधी करून घ्या, नाहीतर नव्या प्लगवर आणि कॉइलच्या रबरावर पुन्हा तेलच.

आता सैल करायचा. हळू. थोडा फिरला आणि मग जाम वाटला तर जोर नाही करायचा, परत थोडा आवळायचा, परत सैल, आट्यांत पेनिट्रेटिंग ऑइलचे थेंब, पाचदहा मिनिटं थांबा, असं पुढेमागे करत आणायचा. आटे गेले तर हेलीकॉइल, म्हणजे भोकात नव्या आट्यांची स्प्रिंग, बसवायला हेड उघडायची वेळ येऊ शकते, आणि मग हा दोन तासांचा खेळ राहत नाही.

आला बाहेर! हे बघा. प्लग काढले की या पुठ्ठ्यावर १, २, ३, ४ असे ओळीने ठेवायचे, कारण कुठल्या सिलिंडरचा कुठला हे कळलं पाहिजे. टोकाचा रंग फिकट तपकिरी किंवा राखाडी, म्हणजे छान, सगळं ठीक जळतंय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर बघा, किंवा तुमची गाडी रोज कोथरूड ते डेक्कन एवढीच फिरते. कारण प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की स्वतःवरची काजळी स्वतःच जाळतं, आणि चार सिग्नलांच्या प्रवासात इंजिन धड तापतच नाही तर ती जळणार कधी? आठवड्यातून एकदा हायवेला काढा बिचारीला. ओलं, तेलकट काळं, तर तेल आत येतंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पांढरंफटक आणि फोड आल्यासारखं, तर प्लग फार तापतोय, हे चांगल्या मेकॅनिकला दाखवा, लगेच. चारांपैकी एकच वेगळा असेल तर रोग त्याच सिलिंडरमधे आहे, हे तर गॅरेजवाल्याला सांगायला किती सोपं झालं.

आणि हे पांढऱ्या चिनीमातीवर पत्र्याच्या वरच्या कडेला तपकिरी वळ दिसतंय ना, याला बघून प्लग लीक आहे म्हणतात, तसं नाही, ते हाय व्होल्टेजमुळे तेलाचे कण चिकटून पडलेले डाग आहेत. निरुपद्रवी.

नवा प्लग. फीलर गेजने फट बघून घ्या, इरिडियमच्या टोकाला मात्र तो गेज घासू नका, टोक अर्ध्या-पाऊण एमएमचं असतं, नाजूक. आणि हातातून फरशीवर पडलेला प्लग लावू नका, आत चिनीमातीला गेलेला तडा बाहेरून दिसत नाही.

आता तो रबरी पाइप. प्लगच्या वरच्या टोकावर चढवा, भोकात सोडा आणि बोटांनी पाइप फिरवा. आधी उलटा फिरवायचा, आटा जागेवर बसल्याचं हलकं टिक जाणवतं, मग सुलटा. आटे तिरके चढले तर पाइप हातातच घसरतो, रॅचेट मात्र न कळवता सगळे आटे खाऊन टाकतो, म्हणून पहिल्या फेऱ्या रॅचेटने कधीच नाही. कधीच. हाताने पूर्ण बसल्यावर मग पाना. १४ एमएम आट्यांच्या वायसरवाल्या प्लगला अ‍ॅल्युमिनियम हेडमधे २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ एमएमला १५ ते २०, तरी मॅन्युअल बघाच. टॉर्क रेंच नसेल तर हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, वायसर दबते आणि बास. तोच प्लग परत लावताय तर वायसर आधीच दबलेली आहे, एक बारांश फेरा खूप झाला. वायसर नसलेल्या निमुळत्या बुडाच्या प्लगला तर एक सोळांश. आणि आट्यांना ग्रीस, अँटीसीझ असलं काही फासू नका, आजकालच्या प्लगांवर प्लेटिंग असतं, वरून गुळगुळीत केलं की तुम्हाला कळायच्या आत जास्त आवळला जातो. डायलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे वीज न वाहू देणारं, असेल तर कॉइलच्या रबराच्या आतून हलकं बोट फिरवा, तेवढं चालतं.

कॉइल दाबून बसवा, बोल्ट, सॉकेटचा कट्ट आवाज, कव्हर. स्टार्ट. ऐका... एकसारखी चालतेय ना?

समजा नाही चालली, थरथरतेय, तर आधी बघा कुठलं सॉकेट अर्धवट राहिलंय, बहुतेक वेळा तेच असतं. तरी नाही, तर स्कॅनर लावा. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसफायर, ०३०२ दुसऱ्याचं. समजा ०३०१ आला, तर इंजिन बंद करून पहिली कॉइल दुसऱ्यावर टाका, दुसरी पहिल्यावर, कोड पुसा, चालवून बघा. कोड ०३०२ झाला तर कॉइल गेली. जागचा हलला नाही तर प्लगची अशीच अदलाबदल, त्यानेही नाही हलला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, मग मेकॅनिक.

तुमचे जुने प्लग काढलेत की ओळीत ठेवून टोकांचा फोटो कमेंटमधे टाका, सोबत गाडी कुठली, किती फिरली आणि गॅसवर की पेट्रोलवर ते लिहा, नुसता काळा प्लग दाखवून "दादा काय झालंय" विचारू नका. चिन्या, बंद कर कॅमेरा, काका परत येतायत.