ठाण्याचे चार साक्षीदार

(तलावपाळी, संध्याकाळ. मासुंदा तलावातल्या होड्या. कॅमेरा हळूहळू चर्चकडे वळतो.)

भेळ खायला, होडीत बसायला, नाहीतर नुसतंच कठड्यावर टेकायला ठाणेकर तलावपाळीवर येतात. काठावरचं चर्च रोज दिसतं, पण ते कोणाच्या नावाचं, हे विचारलं की लोक एकमेकांकडे बघतात. ते आहे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं. येशूकडे बोट दाखवून त्याला ‘देवाचा कोकरा’ म्हणणारा तो हाच. हा कोकरा मांडीवर घेऊन खेळवायचा नव्हे, यरुशलेमच्या मंदिरात कापला जायचा तो. योहानाचीही गत तशीच झाली. हेरोद राजाने त्याचं मुंडकं तबकात घालून दिलं.

गुड फ्रायडेला इथली वेदी उघडीबोडकी असते. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, होत नाही. एरवी होते तिला मराठी ख्रिस्ती लोक मिस्साबलिदान म्हणतात. म्हणजे बळीची गोष्ट शब्दातच बसलेली आहे.

(क्रुसाची वाट: येशूच्या शेवटच्या वाटचालीतले प्रसंग. लोक एकेका स्थानापाशी गुडघे टेकतात.)

तारण, म्हणजे पापातून सुटका, व्हायला कुणाचा तरी खून का व्हावा लागला? हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांनाही चुकलेला नाही. अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने हिशेब मांडला तो सरंजामी काळाला शोभेल असा. पापाने देवाचा मान गेला, ते ऋण माणसाच्या ऐपतीबाहेरचं, म्हणून देवानेच माणूस होऊन ते फेडलं. पुढच्या शतकात फ्रान्समध्ये आबेलार्ड या विचारवंताला हे पटेना. निरपराध पोराच्या रक्ताने देव खूश होतो, हे त्याला क्रूर वाटलं. क्रुसावरचं प्रेम पाहून माणूस आतून बदलतो, तारण ते, असं तो म्हणाला. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकांनी ऋणाच्या जागी शिक्षा आणली: माणसाची शिक्षा येशूने भोगली. आमचा कौल आबेलार्डला. पण तोही पुरा नाही, आणि त्याचं कारण ठाण्यातच घडलेलं आहे.

(खाडी. ओहोटी. चिखलात रुतलेली होडी.)

साल १३२१. ठाण्यावर दिल्लीच्या सुलतानाचा अंमलदार. होर्मुझहून कोल्लमला निघालेलं जहाज वाऱ्याने भरकटून या बंदराला लागलं. त्यात संत फ्रान्सिसच्या संघाचे चार साधू, म्हणजे फ्रान्सिस्कन, होते: तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डेमेट्रियस. ठाण्यात तेव्हा पूर्वेकडच्या पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती, असं ओडोरिक हा नंतर इथे आलेला फ्रान्सिस्कन प्रवासी सांगतो. त्यातल्या एका घरी ते उतरले.

त्या घरात रात्री नवराबायकोचं भांडण झालं. नवऱ्याने बायकोला बडव-बडव बडवलं. सकाळी ती काझीकडे गेली. पुरावा काय, असं विचारल्यावर म्हणाली, घरात चार परदेशी साधू आहेत, त्यांनी पाहिलंय.

ग्रीक भाषेत ‘मार्टर’ म्हणजे मुळात साक्षीदार. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात त्याला रक्तसाक्षी म्हणतात, आणि तो शब्द फार चपखल आहे. आपला ‘हुतात्मा’ वेगळा, त्यात आहुती आहे. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे फासावर गेले, ते हुतात्मा. हे चौघे मात्र अक्षरशः साक्षीदार होते, तेही मारहाणीच्या फिर्यादीत.

पीटर सामान सांभाळत घरी थांबला, तिघे काझीपुढे गेले. पण हे विद्वान आहेत असं कळल्यावर फिर्याद बाजूला पडली आणि धर्माचा वाद रंगला. उत्तरं जिभेला लगाम न घालता दिली गेली. मरण ओढवून घेऊ नये, असं जुन्या चर्चने पुन्हा पुन्हा बजावलं होतं, पण इथे ते कुणाला आठवलं नसावं. हकिगत म्हणते, जेम्सला दोनदा आगीत घातलं तरी तो भाजला नाही, म्हणून अंमलदाराने सोडून दिलं. रात्री काझीने माणसं पाठवली आणि तिघांना मारलं. तारीख ९ एप्रिल, ईस्टर दहा दिवसांवर. पीटरला ११ तारखेला मारलं. त्यांच्याबरोबर आलेल्या जॉर्डन नावाच्या डॉमिनिकनने, म्हणजे दुसऱ्या एका संघाच्या साधूने, त्यांना सोपाऱ्याला दफन केलं. काही वर्षांनी ओडोरिक आला, त्याने हाडं उकरून थेट चीनमधल्या झैतून बंदरात नेली, आणि १३३० साली पादुआत बसून ही सगळी कहाणी लिहवून घेतली. काझीची बाजू कुणी लिहून ठेवली नाही, हे ऐकताना ध्यानात ठेवावं. १८९४ साली पोपने थॉमसला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या अलीकडच्या पायरीवरचा, घोषित केलं.

(घराचा उंबरा. दार अर्धं लोटलेलं.)

ती बाई? तिचं नाव हकिगतीत नाही. तिच्या फिर्यादीचा निवाडा काय झाला, त्याचाही पत्ता लागत नाही. आपला क्रूस उचल, असं येशू शिष्यांना म्हणाला होता. पुढे कित्येक शतकं हेच वाक्य मार खाणाऱ्या बायकांना ऐकवलं गेलं. सोस, तुझ्या दुःखातही तारण आहे. गेल्या काही दशकांत ख्रिस्ती स्त्री-अभ्यासकांनी याच जागी बोट ठेवलं. येशूने पत्करलेलं मरण आणि बाईवर लादलेला मार यांना एका मापाने मोजायचं कसं? अन्सेल्मच्या हिशेबात याला खाना नाही. आबेलार्डच्याही नाही, कारण मार पाहून नवरा आतून बदलत नाही, निदान त्या रात्री तरी बदलला नाही.

(पुन्हा क्रुसाची वाट. मेणबत्त्या.)

क्रुसाच्या वाटेवर चौदा स्थानं असतात. लोक आता आठव्यापाशी आलेत. इथे खांद्यावर क्रूस असतानाच येशू थांबतो, आणि रस्त्याकडेला रडणाऱ्या बायकांशी बोलतो.