कवडीची लकाकी

ओहोटीची रात्र. प्रवाळावर घोटाभर पाणी उरलंय. दगडाखाली हा मळकट, चट्ट्यापट्ट्यांचा गोळा सरकतोय ना, ती कवडी. जिवंत कवडी. ओळखू येत नाही, कारण तिचं कवच तिच्याच मांसाने झाकलेलं आहे.

आता बघा. बोट नुसतं लागलं, आणि पाठीवर मधोमध फट पडली. दोन्ही बाजूंचे मांसल पदर हळूहळू पोटाखाली ओढले जातायत. मागे उरली पिवळसर, ओली, चकचकीत पाठ.

ही लकाकी कुणी घासून आणलेली नाही. हेच पदर कवचावर बाहेरून चुन्याचे थर चढवत राहतात. शेवाळाला तिथे बसायला जागाच मिळत नाही.

लहानपणी मात्र ही चारचौघींसारखी गोगलगाय असते. पातळ, वेटोळं कवच आणि मोठं तोंड. वयात येताना तोंडाची कड आत वळते, तिला दात फुटतात, आणि लांबी तिथेच थांबते. पुढे वाढते ती फक्त जाडी. सहसा दोन-तीन सेंटिमीटरची, टणक, सहजी न झिजणारी. नकली करायला जावं तर खरीपेक्षा महाग पडेल! नाण्याला आणखी काय हवं? स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस, त्याने १७५८ मध्ये तिला नाव दिलं तेही ‘मोनेटा’, म्हणजे पैसा.

मेलेली कवडी वाळूत घासून निस्तेज होते, म्हणून मालदीवमध्ये कवड्या समुद्रातून जिवंत काढत. चौदाव्या शतकात तिथे राहिलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता सांगतो, की मांस नाहीसं होईपर्यंत कवड्या खड्ड्यात पुरून ठेवत. वासाची कल्पनाच केलेली बरी.

मग गलबतं भरून बंगालला. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहण, आणि चार काहणांचा रुपया. म्हणजे रुपयाला ५,१२० कवड्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालच्या सिल्हेट जिल्ह्याचा वर्षाचा अडीच लाख रुपयांचा महसूल कवड्यांतच जमा व्हायचा. करा गुणाकार: १२८ कोटी. होड्यांचे ताफे या कवड्या ढाक्याला पोचवायचे.

युरोपच्या व्यापाऱ्यांनी याच कवड्या पश्चिम आफ्रिकेत नेल्या, आणि त्या मोजून माणसं विकत घेतली.

१८४५ च्या सुमारास तिथे पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबार बेटाकडची दुसऱ्या जातीची कवडी उतरू लागली. पाठीवर सोनेरी कडं, अंगाने थोडी मोठी, पण खूप स्वस्त. जहाजांमागून जहाजं आली. आणि कवडी खरोखरच कवडीमोल झाली.